काशीताईनं बुडवलेला डोंगर

चैत्र लागला की गिरगावातल्या बायका एकमेकींना हमखास विचारायच्या, यंदा गणपतरावांकडची आरास कशाची? चैत्रगौरीचं हळदीकुंकू काय, घरोघर व्हायचं. गौर झोपाळ्यात बसवायची, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांवर चित्रं-खेळणी मांडायची, आल्यागेल्या सवाष्णीला कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, की झालं. पण गणपतरावांच्या घरी जायचं ते तोंडात बोट घालायला. एका वर्षी तिथे पिंजलेल्या कापसाचा हिमालय होता. एका वर्षी लंका जळत होती, आणि ती उदाच्या धुरानं खरोखरच धुमसत होती. एका बाईच्या शालूला ठिणगी लागता लागता राहिली, तर त्या बाई पुढे महिनाभर तेच कौतुकानं सांगत फिरल्या.

हे सगळं करणारी काशीताई मात्र त्या दिवशी कुणाला दिसत नसे. काशीताई ही गणपतरावांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती भावाकडेच राहत होती. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, आणि पदराखाली एक क्षणभर स्वस्थ न बसणारं डोकं. स्वभावानं ती गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती. चुकीचं बोललेलं तिला खपत नसे, मग समोर भाऊ असो की भटजी. पण हळदीकुंकू सवाष्णींचं. विधवेनं त्या वेळी पुढे यायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे सकाळपर्यंत खपून आरास मांडायची आणि पहिली सवाष्ण जिना चढू लागली की माजघरात जाऊन दार ओढून घ्यायचं, असं बाराएक वर्षं चाललं होतं.

दाराआडून तिला सगळं ऐकू यायचं. ‘अगंबाई!’ कुठली खरी आणि कुठली उगीच, हे ती आवाजावरून ओळखायची. पण आपण केलेलं बघताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. हिमालय बघून राधाबाई वकिलीण म्हणे कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. न बोलणं दाराआडून कसं ऐकू येणार? काशीताईला त्याची फार हळहळ वाटायची, आणि ती हळहळ ती कुणाला सांगायची नाही.

१८९९ सालच्या चैत्राची गोष्ट खरं म्हणजे माघातच सुरू झाली. गणपतराव गोदीच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. संध्याकाळी कचेरीतून येताना इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बहिणीला त्यातलं मराठीतून सांगायचे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, की प्रशांत महासागरातल्या एका पोवळ्याच्या बेटावर विलायती पंडितांनी हिऱ्याच्या कण्या बसवलेलं गिरमिट लावून जमिनीत भोक पाडलं आहे. दोन-तीन वर्षं खटपट चालू होती. पहिल्यांदा गिरमिट वाळूत अडकलं. आता ते अकराशे फुटांच्या खाली गेलं, तरी वर येतोय तो पोवळ्याचाच दगड.

“बरं मग?” काशीताई म्हणाली.

“मग काय! पोवळं म्हणजे इवल्याशा किड्यांनी बांधलेलं चुन्याचं घर. एक पिढी मरते, तिच्या घरावर दुसरी घर बांधते. पण ह्या किड्याला ऊन लागतं, ताई. दीडशे फुटांखाली काळोखात तो जगत नाही. मग अकराशे फुटांवर त्याची घरं आली कुठून?”

काशीताईचा वरवंटा थांबला. तिनं भावाकडे पाहिलं, मग पाट्याकडे पाहिलं, आणि एकदम ओरडली, “खालची जमीनच बुडाली!”

गणपतराव हसत सुटले, कारण पंडितांतही तोच वाद होता. एका पक्षाचं म्हणणं, आधी समुद्रात डोंगराचं बेट होतं आणि त्याच्या कडेनं पोवळं वाढलं. डोंगर हळूहळू खचत गेला, तसतसं पोवळं वर वर बांधत राहिलं. शेवटी डोंगर नाहीसा झाला आणि पाण्यावर नुसतं पोवळ्याचं कडं उरलं. दुसरा पक्ष म्हणे, छे, खाली आधीपासूनच उथळ उंचवटा असतो, पोवळं त्याच्यावर टोपीसारखं बसतं. आपली बाजू नसली तरी गणपतराव वाद घालायला दुसऱ्या पक्षात जाऊन बसले. खोलातलं पोवळं वरून घरंगळून पडलं असेल, असं म्हणाले. ते काशीताईनं उडवून लावलं. मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला.

“जमीन खाली गेली कशावरून? समुद्रच वर आला असेल.”

ह्या प्रश्नानं काशीताईच्या डोक्यात भुंगा सोडला. दोन दिवस ती भाजीत मीठ घालायला विसरत होती. तिसऱ्या दिवशी गणपतराव अंगरखा काढतात न काढतात तोच ती पुढे आली.

“गणू, तुमची गोदी खणताना चिखलाखाली खैराची झाडं उभीच्या उभी सापडली होती ना? मुळांसकट?”

“हो. मी लाकूड आणून दाखवलं होतं तुला.”

“म्हणजे तिथे एकदा कोरडी जमीन होती, ती पाण्याखाली गेली. आणि वरळी-माहीमकडे भरतीच्या पाण्याच्या वर शिंपल्यांचा दगड लागतो, विहिरीच्या कठड्याला वापरतात तो. म्हणजे तिथे एकदा पाणी होतं, ती जागा आता पाण्याच्या वर आहे. आता समुद्र एकच. एकाच गावात तो इकडे चढला आणि तिकडे उतरला, असं कसं होईल? पाणी सगळीकडे सारखंच राहणार. हालली असेल तर जमीनच हालली!”

गणपतरावांनी अंगरखा खुंटीला लावायचा सोडून खाली ठेवला. मग म्हणाले, की ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या काळात झाल्या असतील, आणि समुद्रही कधी चढत-उतरत असेलच. काशीताईनं तेही मानलं. पण तिला आता कुणी अडवू शकत नव्हतं. आपल्या पायाखालची मुंबई एकदा बुडलेली आणि एकदा वर आलेली आहे, ह्या विचारानं तिला असा काही आनंद झाला होता, की जिन्यावर भेटेल त्या बिऱ्हाडकरणीला ती ते सांगत होती. बिऱ्हाडकरणी बिचाऱ्या पाय जरा जपून टाकायला लागल्या.

आरास कशाची, हे ठरलं ते तेव्हाच. प्लेगापायी मागची दोन वर्षं अर्धीअधिक वाडी गावोगाव पांगलेली होती आणि हळदीकुंकू कुणाचं धड झालं नव्हतं. प्लेग अजून गेला नव्हता, पण लोकांना त्याची सवय झाली होती. यंदा सगळ्या येणार होत्या. काशीताईनं घरातलं सर्वांत मोठं तांब्याचं घंगाळ घासून काढलं. मधला डोंगर कुंभाराकडून भाजून आणला आणि हिरवा रंगवला. पोवळ्यासाठी तिला संक्रांतीच्या हलव्याची आठवण झाली. पांढराशुभ्र, अंगभर काटे आलेला हलवा, हुबेहूब पोवळं! चार दुपारी शेगडीपुढे घाम गाळून तिनं हलव्याचं कडं घडवलं, मोठ्या थाटात घंगाळात सोडलं, आणि वहिनीला हाक मारेपर्यंत समुद्राचा पाक झाला. रमा हसून हसून खाली बसली. रमा म्हणजे गणपतरावांची बायको, मनानं निर्मळ आणि कामाला वाघ, पण एका वेळी एकच गोष्ट डोक्यात ठेवणारी.

मग हलवा सोडून मातीच्या कड्या आल्या. चुंबळीच्या आकाराच्या पण मोठ्या, एकीवर एक बसतील अशा, वरून चुन्यात बुडवून शिंपल्यांची कच थापलेल्या. राहता राहिला प्रश्न डोंगर खाली नेण्याचा. दोरीनं सोडावा तर तो कलंडायचा. शेवटी काशीताई स्वतःशीच म्हणाली, डोंगर खाली गेला काय नि पाणी वर आलं काय, पोवळ्याला काय त्याचं? त्याला आपल्या डोक्यावर पाणी किती चढलं एवढंच कळतं. आराशीत पाणी वाढवलं की झालं. त्यासाठी तिनं देवघरातलं अभिषेकपात्र काढलं, त्याचं भोक जरासं मोठं केलं आणि ते घंगाळावर टांगलं. थेंब थेंब पाणी चढायचं. ते कडीच्या वर बोटभर आलं, की पुढची कडी ठेवायची. डोंगर वर निमुळता, त्यामुळे कडी आणि डोंगर यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा रुंदावत जायचा, आणि शेवटी शेंडा बुडाला की नुसतं पांढरं कडं आणि आत निवांत पाणी. पहिल्यांदा हे नीट जमलं तेव्हा काशीताईनं टाळी वाजवली, आणि मग आपणच ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

दहा-बारा वेळा तिनं ते करून पाहिलं असेल. दर वेळी घंगाळापाशी तीच बसलेली. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, गौरीला हार घालताना तिच्या ध्यानात आलं, की आज तिथे आपण नसणार. हिमालय काय, लंका काय, मांडून ठेवली की झालं होतं. हा डोंगर कुणीतरी बुडवायला हवा होता.

तिनं रमेला पकडून घंगाळापुढे बसवलं आणि भराभर शिकवलं. “बोटभर पाणी, मग कडी. घाई केलीस तर पोवळं काळोखात मरेल. आणि बायकांना सगळं सांगायचं हं. गिरमिट, अकराशे फूट, सगळं!”

“हो वन्सं,” रमा म्हणाली. तिचे डोळे मात्र दाराकडे होते, कारण डाळीला फोडणी घालायची राहिली होती.

उन्हं कलली आणि जिना वाजायला लागला. काशीताईनं माजघराचं दार ओढून घेतलं आणि कान लावून उभी राहिली. बांगड्या, कुजबुज, मोगरा, अत्तर. बायका आल्याच आल्या. रमेची कोण तारांबळ! हिला कुंकू, तिला गुलाबपाणी, हिच्या पोराला पन्हं. कडी ठेवल्याचा आवाज काही येईना. काशीताई दाराआड बोटं मोडत होती.

बाहेर भलतंच चाललं होतं. पाण्यानं डोंगराचा हिरवा रंग उतरून खालची काळी माती उघडी पडली होती. पाण्याच्या वर दिसत होता तो काळा गोल शेंडा, त्याच्याभोवती पांढरी कडी, आणि वर टांगलेल्या अभिषेकपात्रातून ठिबकणारी धार. आता गिरगावातल्या बाईला हे दृश्य दाखवलं तर ती काय समजेल?

“अय्या, यंदा महादेवाची पिंडी केली वाटतं?” एकीनं विचारलं.

“हो हो,” रमा कुंकवाच्या करंड्यातून मान वर न करता म्हणाली.

झालं. एकीनं मोगऱ्याचं फूल वाहिलं. दुसरीनं अक्षता. तिसरीला शेजारी भरून ठेवलेली कळशी दिसली, तिनं पळीभर पाणी मनोभावे पिंडीवर घातलं. मग काय, रांगच लागली. पुढच्या बाईनं पळी ठेवून तांब्याच घेतला, कारण तिला लेकाच्या नोकरीचं मागायचं होतं.

काशीताईनं पहिली पळी ऐकली तेव्हा तिला वाटलं, सांडलं असेल. दुसरी ऐकली. तांब्या ओतल्याचा भसकन आवाज झाला, कुणीतरी ‘नमः शिवाय’ म्हणालं, आणि तिला सगळा उलगडा झाला. आपणच टांगलं ते पात्र! आपल्याच हातानं! समुद्र तांब्यातांब्यानं चढत होता आणि पोवळी एकामागून एक गुदमरत होती. दार उघडावं तर सणाला अपशकुन. गप्प बसावं तर डोंगर चाललाय. हिमालय कुणी ओळखला नसता तरी तिला चाललं असतं. हे नाही चालणार. हे खरं होतं.

“थांबा!” ती दाराआडून ओरडली. “अहो, तो महादेव नाही!”

जिच्या हातात तांब्या होता तिनं तो तसाच धरून ठेवला. मग राधाबाई वकिलिणीचा भारदस्त आवाज आला. वाडीतली सर्वांत थोरली सवाष्ण ती, तिच्या आधी कुणी बोलणार नव्हतं.

“महादेव नाही तर कोण आहे गं, काशे?”

“बेट आहे, राधाकाकू! समुद्रातलं बेट! आणि तुम्ही त्याला बुडवलंत. रमे, पाणी कुठवर आलंय?”

“कडीच्या वर चार बोटं, वन्सं,” रमा रडवेल्या आवाजात म्हणाली.

“मेली! सगळी पोवळी मेली! ऊन नाही पोचत तिथे. काढ, पाणी काढ!”

आता गंमत अशी, की काय मेलं हे कुणाला कळलं नव्हतं, पण आवाज इतका काकुळतीचा होता की पाचसहा जणी पदर खोचून पुढे झाल्या. तांबे, वाट्या, पन्ह्याचे पेले, मिळेल त्यानं पाणी उपसलं. तेही जरा जास्तच. “कड्या उघड्या पडल्या, वन्सं!” “अगं, मग उन्हानं करपली ना! समुद्र उतरला की पोवळं कोरडं पडून मरतं, नुसता पांढरा दगड उरतो. घाल परत. थोडं!” दाराआडून काशीताई सांगत होती आणि दाराबाहेर गिरगावचा समुद्र चढत-उतरत होता. मधेमधे तिनं सगळं सांगून टाकलं. किडा, त्याचं घर, गिरमिट, अकराशे फूट, गोदीतले खैर, माहीमचे शिंपले. इतक्या भराभर, की श्वास घ्यायला थांबली तेव्हा बाहेरून कुणीतरी म्हणालं, “मग? पुढे?”

एक कडी बसली. पाणी ठिबकत राहिलं. बायका आपण होऊन गप्प झाल्या. “बोटभर आलं!” असं दोघीतिघी एकदम ओरडल्या आणि दुसरी कडी बसली. मग तिसरी. हळदीकुंकू लावून घेतलेल्या बायका घरी जायच्या विसरल्या, नव्या येणाऱ्यांना आधीच्याच समजावून सांगायला लागल्या, “महादेव नव्हे हो, डोंगर खचतोय!” दारामागे काशीताईच्या अंगावर शहारे येत होते. आणि तरी तिला दारच दिसत होतं. समोर फळ्या, फळ्यांना खिळे.

शेवटच्या कडीनं घोळ घातला. ती जराशी वाकडी भाजली गेली होती, नेमकी फिरवून बसवावी लागे, आणि ती खूण काशीताईच्या बोटांनाच ठाऊक होती. रमेनं ठेवली, ती घसरली. दुसरीनं ठेवली, कलली. पाणी चढत होतं. डोंगराचा शेंडा आता सुपारीएवढा उरला होता.

“डावीकडे फिरव. नाही, तुझ्या डावीकडे. अगं, टेकू नकोस नुसती, दाब!” काशीताईचा आवाज फाटला.

मग एकदम दारावर उजेड पडला. राधाबाई वकिलिणीनं दार उघडलं होतं. हातात ओली कडी.

“काशे, माझे गुडघे वाकत नाहीत आणि ह्यांना जमत नाहीये. तू ये.”

“काकू,” रमा घाबरून म्हणाली, “आज हळदीकुंकू आहे…”

“माझं लावून झालंय. हिला बघून ते पुसलं जाणार नाही.”

कोपऱ्यातल्या दोघीजणी उठल्या आणि ओटी सावरत जिना उतरून गेल्या. बाकीच्यांनी काय करावं हे न कळून वाट तेवढी करून दिली. काशीताईनं पदर पुढे ओढला. भीती होती, नाही असं नाही, पण त्याहून जास्त घाई होती. ती घंगाळापाशी टेकली, कडी घेतली, पाण्यात हात घालून अर्धी फिरवली आणि दाबली. कडी बसली.

थेंब पडत राहिले. शेंडा हरभऱ्याएवढा झाला. मग तांदळाएवढा. मग पाणी त्याच्यावरून हळूच मिळून आलं, आणि घंगाळात फक्त पांढरं गोल कडं उरलं, आत आरशासारखं पाणी.

कुणी काही बोललं नाही. एकीचा हात गालावर गेला होता, तो तिथेच राहिला. तान्हं घेऊन बसलेल्या पोरसवदा बाईचे ओठ अर्धवट उघडे होते. राधाबाई वकिलीण भुवया उंचावून अशी पाहत होती, जशी ती आठ वर्षांची परकरी पोर असताना पाहत असेल. रमा रडत होती आणि हसत होती. “गेला गं डोंगर!” कुणीतरी कुजबुजलं.

“काशे, तू बघ ना,” राधाबाई नजर न हलवता म्हणाली. “इतकं केलंस आणि तूच बघत नाहीस?”

“बघतेय, काकू,” काशीताई म्हणाली. घंगाळाकडे तिची पाठ होती.